दोघांचं टेबल

प्रिय ओदील ताई,

तिकडे पॅरिसमध्ये काळजी करू नकोस, मी बरी आहे. या खेड्यात जेवायला चौकातली एकच खाणावळ उरलीय. आन्सेल्मला जाऊन चार महिने झाले, तरी काल दुपारी तिथे माझ्या तोंडून "दोघं" निघालं.

"साहेब गाडी लावतायत वाटतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो."

दोघांचं बदक आलं. मी दोन्ही ताटल्या संपवल्या. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही.

त्या हळूच म्हणाल्या, "उद्या आत, माझ्यासोबत जेवा."

आज गेले. बटाटे सोलताना त्या आपल्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालत होत्या. मग मीही आन्सेल्मला एक घातली.

आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांग, पोटभर जेवते.

तुझी धाकटी,
मिरेय