फ्रँकचा आजचा भाव

१६ नोव्हेंबर, रविवार. अमरावती. दिवेलागण.

आज पोरीचा फोन चार मिनिटांत संपला. चूक माझीच.

शीतल गेली तेव्हा राहायला जर्मनीत, नोकरी सीमेपलीकडे स्वित्झर्लंडात. पगार फ्रँकमध्ये, घरभाडं युरोत. म्हणून सहा वर्षं रोज कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो, एका फ्रँकचे युरो किती. त्याच चौकटींत तिची आई दूध आलं नाही की खाड्याची फुली मारायची. ती वारल्यावर त्या रिकाम्या चौकटी पाहवत नव्हत्या. अन् जन्मभर शेंदूरजनाघाटच्या संत्र्याची दलाली केली. भाव लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

आज म्हटलं, "फ्रँक चढून राहिला. थांब जरा, मंग बदल."

"बाबा, मी दिवाळीपासून स्वित्झर्लंडातच राह्यते. आता मले युरो लागतच नाही. सांगितलं होतं ना तुमाले?"

सांगितलं असेल. मी तेव्हा भावच वाचून दाखवत असेन.

"मंग रोज भाव काहून इचारत होती?"

ती हळूच म्हणाली, "तुमाले सांगायचा असते म्हणून."

फ्रँक आधी युरोच्या खाली होता, मग बरोबरीला आला, मग वर गेला. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, सगळं पाठ आहे. तिच्या नव्या घरात ऊन येतं का, ते विचारलं नाही. सहा वर्षांत असं काहीच विचारलं नाही.

आजच्या चौकटीत भाव लिहिला नाही. तिची आई मारायची तशी फुली मारली.