मनकर्णाबाईचं लॉगिन

६ मे २०२४
आलो बुवा संभाजीनगरात! क्रांती चौकामागं खोली, ऑफिसात गारेगार एसी, अन् काम तर एकदम राजेशाही. जिल्ह्यातल्या टँकरांची, विहिरींची, नव्या सोसायट्यांच्या नळांची माहिती एकाच सिस्टीममध्ये येते, रोज लाखो नोंदी. त्यातलं कुणाला काय दाखवायचं, काय झाकायचं, ते सांभाळणार मी. बद्रीनाथ सरांनी पहिलाच नियम समजावला: नकार सगळ्यांच्या वर. दहा ठिकाणी परवानगी असू दे, एका ठिकाणी नकार असला की माणूस बाहेर.

९ मे
चितेगावपलीकडच्या वाडीतून मनकर्णाबाईचा फोन. गावात टँकर आला की ही बाई मोबाइलवर नोंद करते. ती नोंद पोचली तरच दुसऱ्या दिवशीची खेप सुटते. म्हणाली, खेपा येतात दोन, मी नोंदवते दोन, अन् तुमच्याकडं पाच कशा दिसतात? वर मलाच विचारते, शिकून काय गाढवं हाकली का? फोन स्पीकरवर होता, सगळं ऑफिस हसलं. लई झोंबलं. थांब म्हटलं, जिरवतोच तुझी. तिच्या लॉगिनवर नकार ठोकला. बसू दे दोन दिवस बोंबलत.

१४ मे
नकार काढायचा राहूनच गेला. नोंद नाही म्हणून खेप नाही, चार दिवस वाडीत टँकर गेला नाही. काल मनकर्णाबाई कोरड्या विहिरीत झरा मोकळा करायला उतरली, अन् दरड अंगावर आली. गेली बिचारी. सरांना सांगितलं, नेटवर्कचा घोळ होता. नकार गुपचूप पुसून टाकला. 

१६ मे
तिच्या लॉगिनवरून आज सकाळी अकराला एक नियम पडला. सुयश: नकार. च्यायला, माझ्याच नावावर! पुसला. परत आला. तिचं लॉगिनच बंद केलं, तरी आला. जेवून परतलो तर ऑफिसचं दार माझं बोट ओळखेना.

१८ मे
वॉचमन अप्पाराव म्हणाला, या नावाचं इथं कुणी नाय. रोज चहा प्यायचा माझ्याबरोबर! शेजाऱ्यांच्या नळाला पाणी, माझा कोरडा. दुकानातून बाटली आणली. सील फोडलं तर आत थेंब नाही.

१९ मे
आईला फोन केला. म्हणाली, कोण बोलतंय? मला लेकच नाय.
मनकर्णाबाई, माफ कर ना! मीच केलं. रागानं केलं —

२० मे
मोबाइलवर सिस्टीम आपोआप उघडली. माझ्या नावापुढं सगळीकडं नकार. एकच ओळ मंजूर.
वाडीची विहीर.

२१ मे, दुपार
आलो. बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतायत. मी दिसतच नाय कुणाला. घसा — तीन दिवस —
खाली पाणी आहे. कोरडी होती ना ही?
विचारतेय खालून. खेपा किती आल्या, खरं सांग —
दोन, बाई. दोनच.
मग उतर म्हणते, नोंद कर — पायरी ओली आहे — हात धरला तिनं, सोड, बाई, सो