वीस मिनिटांत ताईला बोलावणे

ती. ताई,

तुला साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकली आहेत, बाकीची मनाने टेकली असं समज.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुला झोप लागते का? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण आपल्या फोनचं तुला ठाऊकच आहे. तू विचारतेस, जेवलीस का. मी म्हणते, हो, तू? मग दोघी आपापल्याकडची हवा कशी आहे ते सांगतो आणि ठेवतो. तीन वर्षांत तुझ्याकडच्या हवेची मला इतकी माहिती झाली आहे की शाळेतली नोकरी सुटली तर वेधशाळेत मिळावी. त्याआधी आपण असं बोलत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी तू आठ दिवस राहायला आली होतीस, मी विचारलं, "अजून किती दिवस आहेस?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस. मला रजेचा अर्ज द्यायचा होता, त्यात तारखा लिहाव्या लागतात, म्हणून विचारलं होतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुला एक पत्र येईल, कदाचित आलंही असेल. अक्षर गोल, टपोरं, आणि ओळी पट्टीने आखलेल्या. खाली नाव माझं आहे, पण ते मी लिहिलेलं नाही. तू ते मनावर घेऊ नकोस. झालं कसं, ते सांगते.

आमच्या सातवीला यंदा वेळ लावून लेखनाची परीक्षा आहे. वीस मिनिटं, एक पत्र. मागच्या वर्षी अकरा मुलांची पत्रं मध्येच तुटली, त्यातलं एक तर 'कळवण्यास अत्यंत वाईट वाटते की' इथेच. (पुढे काय झालं ते अजून कुणाला कळलेलं नाही. लिहिणाराही म्हणतो, आता आठवत नाही.) म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तयारीचं काम माझ्याकडे दिलं. मी आजवर कुठलीच गोष्ट वेळेत संपवलेली नाही हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या बाईंचं म्हणणं असं की ज्याला रस्ता सापडत नाही त्यालाच खड्डे पाठ असतात. मी ते कौतुक समजून घरातला ओट्यावरचा टायमर पिशवीत टाकला आणि वर्गात गेले.

तीन मिनिटं विचार, चौदा मिनिटं लेखन, तीन मिनिटं वाचून दुरुस्ती, असा हिशेब. पहिल्या दिवशी एकाने चौदाच्या चौदा मिनिटं समास आखला. एकीने आजोबांपासून मांजरापर्यंत सगळ्यांची खुशाली विचारली आणि सगळे सुखरूप असताना घंटी वाजली. टिकटिकीमुळे मागच्या बाकावर एकाला उचकी लागली, ती टायमर पिशवीत ठेवल्यावरच थांबली. आणि एका पोराने चार मिनिटांत वही आणून दिली. 'ये. वाट बघतोय. बाकी भेटल्यावर.' त्याला मी दहापैकी तीन गुण दिले. मग वही परत मागून पाच केले. आता वाटतं, सातही चालले असते.

आठवडा झाला तरी गाडी पुढे सरकेना. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या की एकदा तुम्हीच फळ्यावर लिहून दाखवा, वेळ लावून. विषय जुन्या प्रश्नपत्रिकेतला होता (मी निवडला नाही, शपथ): मोठ्या बहिणीला सुट्टीत घरी बोलावणारे पत्र. पत्ता कुठलाही चालला असता. हाताने तुझा लिहिला, इमारतीच्या नावापासून. मुलांना सांगितलं की पत्र असं लिहावं, जणू आत्ता पेटीत टाकायचंय. टायमर लावला. तारीख घातली. 'प्रिय ताई' लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि ताई, पुढे काही येईना. 'तू गेल्यापासून' लिहिलं, पुसलं. 'राग मानू नकोस' लिहिलं, तेही पुसलं. अडतीस मुलं मला हळू आवाजात सुचवू लागली. कुणी म्हणालं, हवापाणी लिहा बाई. कुणी म्हणालं, निदान 'कळावे' लिहून टाका, त्याला अर्धा गुण असतो. घंटी वाजली तेव्हा फळ्यावर तुझा पत्ता, 'प्रिय ताई,' आणि खाली एक भला मोठा पांढरा डाग होता. आम्ही प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतो, म्हणून माझ्यासाठीही वाजल्या.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे शंकासूर म्हणतात. (स्वल्पविराम शब्दसंख्येत धरायचा का, हे तिने तीनदा विचारलंय.) ती जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, "बाई, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं." हे वाक्य तिला मीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दारात उभी. "बाई, पेटीत टाकण्याचे वेगळे गुण आहेत का?"

माझं अर्धवट पत्र तिने घरी पूर्ण केलं होतं, बाबांकडून तिकीट मागून लावलं होतं आणि शाळेत येताना टाकूनही आली होती. जणू पेटीत टाकायचंय, असं मीच म्हटलं होतं ना. मी विचारलं, काय लिहिलंस? तिने हात मागे बांधले आणि म्हणून दाखवलं: "प्रिय ताई, मी मजेत आहे असं सगळ्यांना सांगते, पण मजेत नाही. तू सुट्टीत ये. नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही, पण मग मी फळ्याकडेच बघत राहीन."

हे तुला कुणी सांगितलं, म्हटलं.

"कुणी नाही. तुम्ही सगळा फळा पुसलात बाई, पत्ता ठेवलात."

मी तिला म्हटलं की विनंतीआधी खुशाली हवी, मांडणी चुकली आहे. दहापैकी आठ दिले. दोन कापले नसते तर तिला संशय आला असता.

तर असं आहे. पोरीचा खेळ, त्याचं तू काही वाटून घेऊ नकोस. नऊ तासांचा प्रवास, भाऊजींचा गुडघा, तुझ्या घराच्या शंभर भानगडी, मला सगळं समजतं. इकडची हवा ठीक आहे.

गुडघ्यासकट सर्वांना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. शंकासूर रोज विचारते, उत्तर आलं का. मी सांगते, खऱ्या पत्राला वेळ लागतो. ती विचारते, किती मिनिटं.

ता. क. दुसरा. रजेचा अर्ज वगैरे काही नव्हतं. तू डबे नव्याने लावले होतेस, मला मीठ सापडेना आणि मी चिडले होते. तू जावंस असं मला खरंच वाटलं होतं, जेमतेम एक संध्याकाळ. सकाळी तुझ्या चादरीची घडी पाहिली, तेव्हा ते वाटणं संपलं होतं. पण तोवर तू स्टेशनवर पोचली होतीस.

ता. क. तिसरा. सुट्टी सोळा तारखेला लागते. तुझ्याकडची गाडी इथे सकाळी साडेसातला येते. मी फलाटावर असेन. कुठल्या दिवशी निघतेस ते कळवलं नाहीस तरी चालेल, सुट्टीत सकाळी मला रोजच वेळ असतो.