एकविसावी चिठ्ठी

आंधळगाव,
रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

प्रिय दीपू,

आपण दोघींनी एकमेकींना कधी नमस्कार केल्याचं मला तरी आठवत नाही, पण पत्राला सुरुवात लागते म्हणून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. टीनाच्या बाबांचा माग दिवाळीपासून पुन्हा सुरू झाला, कोसा रेशमाच्या चार साड्यांचं काम आलं आहे. तुमच्या बंद घराच्या परसात वालाला शेंगा लागल्या. दोनदा तोडून भाजी केली, तुला न विचारता. ईश्वरभाऊजी तुमचा एकुलता एक फोन घेऊन नागपूरला कामावर, आणि तू भावाकडे एकोडीला. म्हणजे तुझ्याशी बोलायचं तर पत्रच.

तुमच्याकडे आता धान उकडायची गडबड असेल. तो वास इथे आला तरी मी दोन मिनिटं हातातलं काम सोडते. एकोडी म्हटलं की मला आधी बोडी आठवते, शाळा नंतर. शाळा सुटली की तळ्याच्या बांधावरून, त्या पाळीवरून घरी जायचं, आणि याच दिवसांत शिंगाडे. तू फ्रॉक खोचून पाण्यात, मी पाळीवर पहाऱ्याला. आणि शिंगाडेवाला ओरडला की पहारेकरीणच आधी पळायची! तू चिखलाच्या पायांनी घरी येऊन मार खायचीस, पण माझं नाव कधी सांगितलं नाहीस.

आपल्या वर्गातली ती टाटपट्टी आठवते का? चार जणींची, बसायचो सात. नवीन पोरगी दारात दिसली की भैय्यालाल गुरुजी म्हणायचे, "सरका वं पोरीहो, आनखी एक मावते." आणि मावायची. कुणाची वेणी कुणाच्या तोंडात जायची, पण मावायची. अलीकडे मला हे फार आठवतं.

माझं लग्नही तूच जुळवलंस. "पोरगा बोलत नाही वं, पण माग चांगला चालवते. तुले बोलाले मोकळं मैदान," असं सांगून मला आंधळगावात आणलंस. इतकी वर्षं आपली घरं समोरासमोर, आणि आपल्या पोरी, टीना आणि रक्षा, एकाच वर्गात. माहेर सुटलं असं मला कधी वाटलंच नाही. तू ऑगस्टमध्ये गेलीस तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

चार पानं फाडून झाली आहेत, दीपू. दरवेळी शिंगाड्यांपर्यंत येते आणि थांबते. आता लिहितेच.

जुलैत आठवीचा वर्ग उघडणार म्हणाले, ते आठव. पोरं बेचाळीस, पण कोरोनामुळे एका बाकावर एक, म्हणजे वीसच. शाळेच्या समितीने ठरवलं की ज्यांच्या घरी फोन नाही त्यांची पोरं आधी बसतील. फोनवाल्यांनी पुढच्या तुकडीपर्यंत घरीच शिकायचं. सर घरोघर विचारत फिरत होते.

आमच्याकडे फोन होता. टीनाचं त्या फोनवरचं शिक्षण तू पाहिलंच आहेस. रेंजसाठी पाण्याच्या टाकीखाली उभी राहायची, अर्धा तास "आवाज येतो का" एवढंच चालायचं. वर्गात पहिल्या पाचांत असणारी पोरगी अपूर्णांकांची बेरीज विसरली. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायची. मला ते बघवत नव्हतं. म्हणून सर गल्लीत दिसले तसा मी फोन उचलला आणि टीनाच्या बाबांच्या पायाशी, मागाच्या खड्ड्यात टाकला.

"फोन हाये का जी घरी?" सरांनी विचारलं.

"नाही जी सर, कोठला फोन!"

तेवढ्यात तो मेला खाली घुरघुरायला लागला. टीनाच्या बाबांनी वर न बघता पायाखालच्या पावड्या अशा हाणल्या, धोटा असा फेकला, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. सर म्हणाले, "जरा माग थांबवा ना भाऊ, आयकूच येऊन नाही राहिलं." तर हे म्हणतात, "थांबवला तं धागा तुटते, सर." एवढं लांब वाक्य ते लग्नातही बोलले नव्हते. सर लिहून घेऊन गेले आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. हो, हसलो. तेही तुला कळायला हवं.

बिनफोनच्या पोरांची यादी एकवीस नावांची झाली. जागा वीस. समितीने चिठ्ठ्या टाकल्या आणि एकच उचलली, ज्याचं नाव निघेल त्याने थांबायचं. रक्षाचं निघालं.

ती यादी वीसचीच होती, दीपू. चिठ्ठ्या टाकायची वेळच येणार नव्हती. एकविसावी चिठ्ठी माझ्या खोट्याची होती. तुमच्या घरी खरोखर फोन नव्हता, आणि जागा तुझ्या लेकीची गेली.

त्या संध्याकाळी तू आमच्याकडे आलीस. रक्षाचा कंपास टीनाच्या हातात ठेवलास. मला रडताना बघून म्हणालीस, "काहून रडतं वं? एका पोरीचं तं झालं ना." तुला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. मी वाटू दिलं.

महिनाभरात येणारी पुढची तुकडी लांबत लांबत ऑक्टोबरवर गेली. तोवर तू धानाच्या रोवणीच्या कामासाठी रक्षाला घेऊन एकोडीला निघून गेली होतीस. मी मनाला समजावलं की तिथे शाळा आहे, मामा आहे, पोरगी शिकेल. मग परवा एकोडीहून शोभाताई इकडे आल्या. मी रक्षाचं विचारलं, तर म्हणाल्या, "ते तं मामीसंगं धान कापाले जाते. शाळेचं म्हटलं तं म्हणते, आता कायले? सारे समोर निघून गेले." गणितात टीनाला शिकवणारी रक्षा.

काल मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. टीनाला आधी घरी सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं चुकलेलं नाही. त्यांनी रजिस्टर काढून रक्षाचं नाव शोधलं. मग म्हणाले, "आता सारेच येऊन राहिले जी, कोनाले काढाचं नाही. त्या पोरीचं नाव हजेरीत हाये अजून. पण हा महिना संपायच्या आत आना तिले."

तुला इकडे येणं जमत नसेल तर रक्षा आमच्याकडे राहील. जेवण, वह्या, राहिलेला अभ्यास, सगळं मी बघते. हे मला काही कबूल न करताही लिहिता आलं असतं. "पाठव पोरीला, मी सांभाळते," एवढ्या एका ओळीत काम झालं असतं आणि तू जन्मभर माझे उपकार मानले असतेस. ते मला सहन झालं नसतं.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी एकोडीला येते आहे. तुझ्या भावाच्या दारात उभी राहीन. आत घेऊ नकोस, चार लोकांत बोल, मी ऐकून घेईन. या वेळी पळणार नाही. मला माफ करायचं की नाही याला तू हवा तेवढा वेळ घे, वर्षं लागली तरी चालतील. रक्षाकडे मात्र नऊच दिवस आहेत. तिला माझ्याबरोबर पाठव.

नावाच्या आधी 'तुझी' लिहिलेलं नाही. आजवर प्रत्येक चिठ्ठीत लिहिलं, या वेळी हात धजला नाही. तुला वाटलं तर तू लिहून घे.

करुणा