जावईबापूंचा काळा स्वेटर

२४ ऑक्टोबर
दिवाळसण पार पडला. जावई अमृतराव काल संध्याकाळी आमच्या संस्कृतीला घेऊन सोनईला परत गेले. दोन दिवसांत आमच्या दोघांचं एकूण बोलणं: प्रवास कसा झाला, आणि पाऊस यंदा लांबलाच. पोरगा घुम्या आहे. अर्थात सुप्याच्या कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर असताना मॅनेजरसुद्धा माझ्याशी जपून बोलायचे. रिटायर झालो तरी तो दरारा राहतोच.
पाडव्याला भरल्या पंगतीत जाहीर करून टाकलं. पहिल्या संक्रांतीला जावयाला काळे कपडे घ्यायची पद्धत आहे, तर मी स्वतःच्या हातानं काळा स्वेटर विणणार. वेण्यांच्या डिझाइनचा. ऑफिस, लग्नकार्य, मोटारसायकल, सगळीकडे चालेल असा. व्याही मच्छिंद्रराव, म्हणजे अमृतरावांचे नाना, बघतच राहिले. आमच्या सौ. मनकर्णाला ठसका लागला. लाडू कोरडे झाले होते.
विणता येतं का, असं एकानंही विचारलं नाही. विश्वास म्हणतात तो हा.

२७ ऑक्टोबर
कापडबाजारातून लोकर आणली. काळी कुळकुळीत. दुकानदार म्हणाला, पहिलाच स्वेटर असेल तर फिका रंग न्या काका, काळ्यात टाके दिसत नाहीत. म्हटलं, मग संक्रांतीला जावयाला पोपटी घालू का? त्यानं काळी बांधून दिली.
अमृतरावांच्या लग्नातल्या सुटाचं माप शिंप्याकडून उतरवून आणलं. अंदाजपंचे काम आपल्याला जमत नाही.

३० ऑक्टोबर
यूट्यूबवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. वेणी म्हणजे काय, तर सहातले तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून मागे धरायचे, उरलेले तीन आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. मेकॅनिकली अगदी सोपं. बाई सारखं सांगते, आधी तळहाताएवढा नमुना विणा आणि माप घेऊन बघा. नमुना नवशिक्यांसाठी असतो. कंपनीत पहिला पीस तपासल्याशिवाय मी मशीन चालू देत नसे हे खरं, पण तिथं काम दुसरे लोक करायचे.

५ नोव्हेंबर
टाके घातले. सुटले. घातले. सुटले. सुया निकृष्ट.

६ नोव्हेंबर
नव्या सुया. टाके घातले. पाठीमागचा भाग आधी घ्यायचं ठरवलं. तिथं चूक झाली तरी ती अमृतरावांना दिसणार नाही.

१६ नोव्हेंबर
पहिल्या वेण्या पडल्या. तीन उजवीकडे वळल्या, एक डावीकडे. ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्यावर काळं, पुढे धरलं का मागे धरलं ते कळत नाही. मनकर्णाला दाखवलं. ती म्हणाली, कुठाय वेणी? तिला म्हटलं, मोतीबिंदू तपासून घे.
डावीकडची वेणी डिझाइन म्हणून ठेवली.

२३ नोव्हेंबर
संस्कृतीचा रोज संध्याकाळी फोन येतो, आईला. पूर्वी ती आधी मला विचारायची, बाबा जेवलात का. आता दोघी कुजबुजतात आणि मी खोलीत गेलो की विषय भाजीवर येतो. वाईट वाटतं. इथं लिहायला हरकत नाही. स्वेटर अंगात घालून जावई गावभर हिंडले की सासर आणि माहेर दोन्हीकडे माझं नाव निघेल, मग फोन आपोआप माझ्याकडे येतील.

२९ नोव्हेंबर
माप घेतलं. पाठ वीतभर अरुंद. टाके शिंप्याच्या मापाप्रमाणे बरोबर, तरी कापड कमी. कंपनीतलं मापाचं व्हर्नियर लावून पाहिलं. कमीच.
शेजारच्या मालनबाई डोकावल्या. त्या मूळच्या शेवगावच्या, तीन नातवंडांचे स्वेटर त्यांच्या हातचे. म्हणाल्या, अवो भाऊ, वेनी घातली की केस आखूड दिसत्यात का न्हाई? तसं लोकरीचंबी हाय, वेनी आत ओढून घेती, म्हनून टाकं आदीच जास्तीचं घ्यायचं आस्त्यात. मी म्हटलं, मला माहीत होतं, फक्त कन्फर्म करत होतो.
कंपनीतलं लोखंड असलं काही करत नसे.

१० डिसेंबर
सगळं उसवलं. पुन्हा घातलं. जास्तीचे टाके घ्यायला विसरलो. हे आत्ता, पाच वेण्या झाल्यावर लक्षात आलं.
निर्णय: बाह्या रद्द. बिनबाह्यांचा स्वेटर जास्त सोयीचा. शर्टावर चालतो, कुडत्यावर चालतो.

२१ डिसेंबर
संस्कृतीनं आज चुकून मला फोन लावला. विचारलं, जावईबापूंना गळा कसा आवडतो, गोल की व्ही? तिनं विचारलं, आई आहे का तिथं? मग म्हणाली, बाबा, राहू द्या ना, कशाला डोळ्यांना त्रास. माझी काळजी करते पोरगी. दुप्पट जोमाने बसलो.

२८ डिसेंबर
पुढचा भाग मागच्या भागाला जुळत नाही. दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. मनकर्णा म्हणाली, तयार घ्या एखादा, बाजारात ढीग पडलाय. जाहीर केलेलं मागे घेणाऱ्यातला मी नव्हे. व्याह्यांसमोर पंगतीत शब्द दिलाय, नाक कापून घेऊ का?

२ जानेवारी
नवीन वर्षात नवी दृष्टी. अरुंद पाठ तशीच लांबवत नेली की रुंद मफलर होतो. मफलर स्वेटरपेक्षा बहुगुणी. गळ्याला, कानाला, डोक्याला. माप चुकायचा प्रश्नच नाही. आधी का सुचलं नाही?

१३ जानेवारी, भोगी
झाला. खरोखर झाला. एका टोकाला थोडा निमुळता, पण झाला. मनकर्णा तीळ लावलेली भाकरी थापत होती, तिच्यासमोर धरला. तिचा हात थांबला. म्हणाली, अगंबाई, पुरा झाला? आणि चेहरा पडला. आनंदाने माणूस असा सुन्न होतो.

१४ जानेवारी, संक्रांत
दोघं सकाळी आली. तीळगूळ झाला. मी मफलर अमृतरावांच्या गळ्यात घातला. संस्कृती काही बोलणार तेवढ्यात त्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं जेवण मफलर गळ्यात ठेवून केलं. मी मनातून फुललो होतो.
ताक पिताना बघितलं, मान लालबुंद, कानापर्यंत गांध्या. संस्कृतीचा बांध फुटला. लोकर चालतच नाही त्यांना बाबा, लहानपणापासून. दिवाळीतच आईला सांगितलं होतं. मनकर्णाकडे पाहिलं. ती म्हणाली, मला वाटलं, पुरा होणारच नाही, तर कशाला तुमचा हिरमोड करा.
म्हणजे पावणेतीन महिने सगळे निर्धास्त होते. माझ्यावर भरवसा होता तो असा.
सणाच्या दिवशी जावयाला गाडीवर बसवून मेडिकलमध्ये घेऊन गेलो. गोळी घेतली. अमृतराव पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, बाबा, अजून एक गोळी घेऊन ठेवू. सोनईत शिरताना मफलर घालतो, आमच्या नानांनी बघायला पाहिजे. तुम्ही शब्द दिला होता.
 मी मफलर त्यांच्या हातातून घेतला, गाडीच्या डिकीत टाकला. म्हटलं, नानांना मीच सांगतो.
तिथूनच व्याह्यांना फोन लावला. म्हटलं, मच्छिंद्रराव, शब्द दिला होता, स्वेटर काही जमला नाही. ते म्हणाले, आवो त्यात काय. आमी दिवाळीलाच पोराला काळा शर्ट शिवून ठिवलाय. त्याच्याच पिशवीत हाय बघा.
घरी आल्यावर अमृतरावांनी शर्ट घातला. मी कॉलर पाहिली, काजं पाहिली, आतून शिवण पाहिली. एकही दोष सापडला नाही.