डावा हात

फ्रँकफर्ट, ३ नोव्हेंबर १९५८

आज तालमीत रेनाल्दो सगळ्यांदेखत ओरडला – "यशवंत, तुझा डावा हात झोपलाय!" झोपला नव्हता. हवेत भाता मारत होता! इस्लामपुरात आप्पांनी पेटी शिकवली तीच अशी – उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. पियानोला भाता नसतो, खालचे सूर डाव्यानेच वाजवायचे असतात, हे त्या हाताला अजून पटत नाही.

रेनाल्दो क्यूबाचा. त्याच्या लॅटिन जाझ बँडात मला दोन महिने झाले. जानेवारीत रेकॉर्ड आहे, त्यात एक चीज मी बांधलेली. तोवर हात सुधारला नाही तर पियानोवर दुसरा बसणार. चीज माझी आणि बोटं त्याची! नाही सहन होणार मला.

९ नोव्हेंबर

आईचं पत्र. नेहमीचा प्रश्न – "जेवायला सोबत कोण असतं?" कोणी नसतं, आई. डॉक्टरेट सोडून बँडात शिरलो तेव्हापासून आप्पांची एक ओळ नाही. इन्स्टिट्यूटमधले आपले लोकही मला पाहून रस्ता बदलतात. फार एकटं वाटतं.

२२ नोव्हेंबर

घरमालकीण फ्राऊ क्रेमर यांच्या दिवाणखान्यात पियानो आहे. पण – "आल्झो, हेर यशवंत! एक ते तीन रूहेत्साइट!" म्हणजे झोपायची वेळ, चिडीचूप. मग मी उजव्या हाताने जेवतो आणि डाव्याने टेबलावर वाजवत बसतो. बटाटे गार होतात.

१४ डिसेंबर

तेच. बटाटेही तेच.

२० जानेवारी १९५९

झाली रेकॉर्ड! पियानोवर मीच! रेनाल्दोने माझा डावा हात धरून गदागदा हलवला. घरी आलो तर सांगायला कोणी नाही. शेवटी फ्राऊ क्रेमरना सांगितलं. "शोन," म्हणजे छान, एवढं म्हणाल्या आणि झाडू हातात दिला. जिना झाडायची पाळी माझी होती.

२ मार्च

रेकॉर्ड आप्पांना पाठवली. पत्र चारदा लिहून फाडलं. शेवटी एवढंच – "दुसरी चीज माझी. ऐका."

११ जून

आप्पांचं पत्र! त्यांच्याच अक्षरात!

"शाळेच्या फोनोवर तीनदा ऐकली. वरचे सूर तुझे, लगेच ओळखले. शेजारी बसून खालचे वाजवतो तो कोण? हात तयार आहे, लय सोडत नाही. तुला सोबत आहे हे कळल्यावर तुझी आई त्या दिवशी पोटभर जेवली. त्याचं नाव कळव."

१२ जून

कळवलं. मोहन. मिरजेचा आहे. रोज माझ्याबरोबरच जेवतो.