जड पापण्यांची माणसं

बाबा,

गेल्या आठवड्यात बँकॉकच्या एका डॉक्टरने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, की तुमच्या घरात आणखी कुणाच्या पापण्या अशा होत्या का. मी म्हटलं, वडिलांच्या. पुढे काही बोलायच्या आत शेजारी बसलेले तुमचे जावई म्हणाले, "पण त्यांचं दारूमुळे होतं." इतक्या सहज म्हणाले, की जणू तुमची उंची सांगत होते. मला त्यांचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण जे ऐकलं तेच ते सांगत होते. आणि ते त्यांना ऐकवलं होतं तुम्ही स्वतः. तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं मी दुसऱ्या कुणाला नक्की समजावलं असतं. स्वतःला समजावता येत नाहीये, म्हणून लिहितेय.

तुम्ही होतात तेव्हा सरावलीच्या आमच्या या वाडीत नुसती चिकूची झाडं होती. आता झाडांमध्ये खोल्या बांधल्यात आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईची, सुरतेची माणसं राहायला येतात. त्यांच्या चहापासून अंथरुणापर्यंत सगळं मी बघते. चाळिशी उलटली आणि माझ्या पापण्या खाली यायला लागल्या. आधी थकवा वाटला, मग चष्म्याचा नंबर वाटला. एक दिवस फोटोत बघितलं तर मी हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून बघत होते, अगदी तुम्ही बघायचात तसं. पाहुणे विचारायचे, ताई, झोप झाली नाही का. त्याचं मला काही वाटत नसे. पण दिवाळीच्या सुट्टीत राहून गेलेल्या एका बाईने इंटरनेटवर लिहिलं, की जागा सुंदर, जेवण उत्तम, मालकीणबाई मात्र सकाळी नाश्त्यालाच टाइट वाटल्या. खाली हसणारे चेहरे. बाबा, मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि एक चांगली स्टीलची परात जमिनीवर आपटली. तिला पोचा आला आहे, तो अजून तसाच आहे.

त्याच दिवशी ठरवलं, पापण्यांचं ऑपरेशन करायचं आणि परदेशात करायचं. मुंबईत काय डॉक्टर नाहीत, असं हे म्हणाले. आहेत, भरपूर आहेत. पण मुंबईत नणंद आहे, म्हणजे उतरायचं तिच्याकडे. मग तिथून इथे डहाणूपर्यंत बातमी पोचणार, आणि घरी आल्यावर अख्खं गाव शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन मला बघायला येणार, सुजलेल्या डोळ्यांची. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला न जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मला कुणी बघायला यायला नको होतं. म्हणून मी फोनवर दवाखाने शोधायला बसले. इस्तंबूलच्या एका दवाखान्याने शहर फिरवून आणण्यासकट सगळं पॅकेज पाठवलं, पण ऑपरेशन नेमकं कोण करणार हे तीनदा विचारूनही सांगितलं नाही. कोरियातल्या सोलच्या एकाने माझा फोटो मागवला आणि त्यावरच नवे डोळे काढून पाठवले. त्यात मी अशी दिसत होते, की समोर आले असते तर मीच मला नमस्कार करून कुठून आलात म्हणून विचारलं असतं. परत आल्यावर टाका उसवला, डोळा मिटेनासा झाला तर कुणाला फोन करायचा, या प्रश्नावर दोघांनीही अंगठा वर केलेला हात पाठवला. बँकॉकमध्ये मात्र डॉक्टर स्वतः समोर बसला. हिंदी बोलणारी एक मुलगी मध्ये दुभाषी म्हणून होती. त्याने मला वर बघायला सांगितलं, खाली बघायला सांगितलं, अंगठ्याने भुवई दाबून धरून डोळे उघडायला सांगितले. मग म्हणाला, नुसती सैल कातडी कापून हे होणार नाही, पापणी उचलणारा स्नायूच कमजोर आहे, आणि हे पुष्कळदा घराण्यात असतं. म्हणून तुमच्याबद्दल विचारलं. हा एकच माणूस मला काही विकायच्या आधी माझ्याकडे नीट बघत होता, म्हणून मी त्याला निवडलं.

यांचं ते दारूचं वाक्य त्या मुलीने भाषांतर करून सांगितलं, तेव्हा डॉक्टर मान हलवून म्हणाला, दारूने असं होत नाही. लहानपणापासून होतं का? मी म्हटलं, हो, आजी सांगायची, पाळण्यातसुद्धा अर्धेच डोळे उघडायचे. मग तर नक्कीच जन्मापासूनचं, तो म्हणाला, छोटं ऑपरेशन असतं, माणूस त्याच दिवशी घरी जातो. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. छोटं ऑपरेशन. आपल्या तलासरीहून हायवे सरळ मुंबईला जातो, बाबा, तुम्ही त्याच हायवेवर कितीतरी वर्षं गाडी चालवलीत. एकदा, फक्त एकदा, कुठल्या मोठ्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून आत जायचं होतं. कॉल संपल्यावर मी यांना म्हटलं, ऐकलंत ना, ते कधीच पीत नव्हते. हे गोंधळून म्हणाले, "मग त्यांनी स्वतः तसं का सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते देताना लाज वाटली असती.

तुम्ही कंपनीची बस चालवायचात, कामगारांना आणायची-सोडायची. कधी साधं खरचटलंसुद्धा नाही तुमच्या हातून. मग नवीन साहेब आला, त्याने एका सकाळी तुमचे डोळे बघितले आणि तुम्हाला गाडीवरून खाली उतरवलं. तुम्ही तोंडाचा वास घ्या म्हणून सांगितलं नाहीत, डॉक्टरकडे न्या म्हणाला नाहीत. गेटवर बसवलं तर गेटवर बसलात. ज्याच्या पापण्या मिटल्यासारख्या दिसतात त्याला त्यांनी रखवालीला बसवलं, आणि त्यातही तुम्हाला गंमत वाटली. मी शाळेतून घरी आले की तुमचा डबा घेऊन गेटवर यायचे. एक दुपार मला विसरता येत नाही. पाळी सुटते आहे, माणसं बाहेर पडतायत, त्यातला एक ओरडून विचारतो, काका, आज किती झाली? आणि तुम्ही खुर्चीतून उठता, मान लटकवता, पाय फाकवून डुलत डुलत त्याच्याकडे चालत जाता. सगळे हसतात. तुम्हीही हसता. मी गेटच्या बाहेर डबा धरून उभी आहे. तुम्ही मला बघता आणि तरी दोन पावलं आणखी डुलता, कारण माणसं अजून हसत असतात. नंतर तुम्ही मला म्हणालात, हसू दे गो, त्यात आपला काय जातंय. जात होतं, बाबा. तुमचं काही जात नसेल, माझं जात होतं.

आणि मग माझ्या लग्नाची बोलणी. सरावलीची माणसं आपल्या घरी आली, आईने पानगी केली होती, ओटीवर चटया घातल्या होत्या. मी आतून ऐकत होते. यांच्या मामांनी जरा घसा साफ करून विचारलं, मुलीचे वडील घेतात का. साधा प्रश्न होता, साधं उत्तर होतं. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "घ्यायचो. आता सोडली. विवळवेढ्याच्या आईची शपथ, आता थेंबाला शिवत नाय." बाहेर सगळ्यांनी बरं वाटल्यासारखा श्वास सोडला. आई माझ्या शेजारी पीठ लागलेले हात तसेच धरून उभी राहिली. शपथ खरी होती, कबुली साफ खोटी होती, आणि देवीला मध्ये घालून तुम्ही दोन्ही एका दमात उरकलंत. पाहुणे गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. तुम्ही बिडीसुद्धा ओढत नव्हता आणि तुम्ही मला दारुड्याची मुलगी करून टाकलंत, असं म्हणाले. तुम्ही हनुवटी वर करून माझ्याकडे बघितलंत. "कधी घेतलीच नाय, असा सांगितला तर कोण मानतो?" तुम्ही म्हणालात. "सोडली सांगितला का सगळे मानतात." त्याचं तुम्हाला समाधान होतं. मुलीचं लग्न जमलं होतं.

तुम्ही तेवढ्यावर सुटलात. मी या घरात ते घेऊन राहिले. खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिसली की सासूबाईंची नजर तिथे. पाहुणे खोल्यांमध्ये रिकाम्या बाटल्या टाकून जातात, त्या उचलायला मी वाकले की त्या मागून म्हणणार, तू राहू दे, दुसरं कुणी उचलेल. कुणी आलं की माझी ओळख करून देताना हटकून सांगणार, हिचे वडील आधी फार घ्यायचे, पण सोडली हो शेवटी. तुम्ही काविळीने गेलात तेव्हा तर विचारूच नका. दहाव्याला आलेल्या प्रत्येकाने कावीळ हा शब्द ऐकला आणि एकमेकांकडे बघून मान डोलावली. मी प्रत्येकाला सांगत होते, पाणी खराब होतं, आळीत आणखी लोकांना झाली होती. ते माझ्या पाठीवर हात फिरवत होते. लेक आहे, बापाची बाजू घेणारच, असा तो हात होता.

त्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंपाशी जाऊन बसले. त्या स्वयंपाकघराच्या दारात बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होत्या. मीही एक मूठ घेऊन सोलायला लागले आणि तुमच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या वाद घालतील, किंवा निदान चकित होतील. त्यांचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"मना तवाच समजला होता," त्या म्हणाल्या. "बोलणीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसलेली. वास नव्हता तोंडाला. पिणाऱ्याचा हात कसा असते, ते काय मना ठाऊक नाय?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं का बोलत राहिलात. त्यांनी सोललेले वाल पाण्यात टाकले.

"सून घरात येते तर तिच्या माहेरचा एखादा कमीपणा हाताशी असलेला बरा," त्या म्हणाल्या. "आणि तो मी थोडीच काढला? तुझ्या बापानेच आणून दिला."

वाल किती वेळ भिजवावेत हे सांगावं, त्या आवाजात त्या हे बोलल्या. मी त्यांना म्हटलं, आजपासून माझ्या वडिलांबद्दल या घरात असं एक अक्षर निघालं तर पाहुण्यांसमोर मी हे सगळं सांगेन. त्यांनी बरं म्हटलं. इतकंच. एवढी वर्षं जे मला जमेल असं वाटलं नव्हतं, ते वाल सोलता सोलता झालं, आणि तरी मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्या चूक बोलत नव्हत्या. तुम्हीच आणून दिलं होतं. कुणीही तुम्हाला ढकललं की तुम्ही सरकून त्यांना आणखी जागा करून द्यायचात, आणि वर हसायचात, आणि त्याला तुम्ही चांगुलपणा म्हणायचात. मलाही कितीतरी वर्षं तो चांगुलपणाच वाटला. आता वाटत नाही. तुम्ही एकदा चिडायला हवं होतं, बाबा. त्या साहेबावर, त्या मामांवर, निदान माझ्यावर तरी. तुमच्या वाटचं चिडणंसुद्धा मलाच करावं लागतंय, आणि मी माझ्याच चिडण्याने दमलेय.

परवा मी बँकॉकला होकार कळवला. मे महिन्याची गर्दी ओसरली की जाणार. ही गोष्ट यांच्याशिवाय फक्त तलासरीला ताईला सांगितली आहे. ती फोनवर रडायला लागली. म्हणाली, बाबांची एवढी एक खूण तुझ्या तोंडावर राहिली, ती कशाला पुसतेस, मी तुझ्याकडे बघते तेव्हा मला ते दिसतात. तिचे डोळे आईसारखे आहेत, मोठे, टक्क उघडे. तिला कुणी कधी नाश्त्याला टाइट म्हटलेलं नाही. डॉक्टरने सांगितलंय, पुढे दिसायला त्रास होईल, असं सांगून मी तिची समजूत घातली. ते खरंही आहे, संध्याकाळी मला सुईत दोरा ओवता येत नाही. पण ऑपरेशन मी त्यासाठी करत नाहीये. तुम्ही असतात तर हे कागदावर उतरलंच नसतं, आणि तुमच्यासमोर तर तोंडातून निघालं नसतं. तुमच्यावर माझा फार जीव होता, आजही आहे. पण मला तुमच्यासारखं दिसायचं नाही.